घरामागे तळं, तळ्यात गेटर: फ्लोरिडात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

टँपा किंवा ऑरलँडोच्या आसपास घर बघायला लागलात की एजंट एक वाक्य हमखास ऐकवतो: "मागे पाँड आहे, व्ह्यू मस्त आहे." व्ह्यू खरंच मस्त असतो. पण त्या पाँडमध्ये आज ना उद्या ॲलिगेटर येणार, हे तो आपणहून सांगेलच असं नाही. इथे सगळे त्याला गेटर म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी टँपाच्या उत्तरेकडच्या एका वसाहतीत राहते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून नवी कुटुंबं येतात आणि व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न फिरतात. मागच्या तळ्याच्या काठावर काहीतरी पडलंय, पोलिसांना कळवायचं का? मुलांना बाहेर सोडायचं की नाही? आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, त्यांना फिरायला कुठे पाठवू? कुणी घाबरून घराचा मागचा दरवाजाच उघडत नाही, तर कुणी मुलाला खांद्यावर घेऊन काठावर फोटो काढतं. दोन्ही टोकं टाळायची असतील तर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. गेटर दिसणं ही आणीबाणी नाही. माणसाच्या हातून खायला मिळालेला गेटर ही आणीबाणी आहे. पुढच्या बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून आल्या आहेत.

१. तळं तिथे का आहे, हे आधी समजून घ्या

फ्लोरिडा सपाट आहे आणि जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं. वसाहत बांधताना बिल्डर खड्डे खणतो, त्यातली माती घरांचा पाया उंच करायला वापरतो, आणि त्याच खड्ड्यांमध्ये रस्त्यांवरचं, छपरांवरचं पावसाचं पाणी जमा होतं. हे झाले रिटेन्शन पाँड. शोभेसाठी कुणी ते केलेले नाहीत, पूर येऊ नये म्हणून ते आहेत. त्यातले बरेचसे पाईपांनी एकमेकांना आणि पलीकडच्या दलदलीला जोडलेले असतात.

म्हणून "आमच्या पाँडला नदी-बिदी काही जोडलेली नाही, आमच्याकडे कुठून येणार?" हे म्हणणं चुकीचं आहे. गेटर पाईपातून येतो, गवतातून चालत येतो, रात्री रस्ता ओलांडून येतो. कुंपणही चढतो. फ्लोरिडाच्या सगळ्या ६७ काउंट्यांमध्ये मिळून सुमारे १३ लाख गेटर आहेत. गोड्या पाण्याचा कुठलाही साठा त्याला चालतो: तलाव, कालवा, गोल्फ कोर्सचं डबकं, पावसाळ्यातला खड्डा.

एकेकाळी हा प्राणी संपत आला होता. १९६७ मध्ये तो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला, शिकारीवर बंदी आली, आणि १९८७ मध्ये तो पूर्णपणे सावरला असं जाहीर झालं. आज तो तुमच्या खिडकीतून दिसतो तो त्या संरक्षणामुळे. कायद्याचं संरक्षण आजही आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

धोका किती? राज्याच्या वन्यजीव खात्याच्या हिशेबाने, माणसाने काही खोडी काढलेली नसताना गेटर चावला आणि उपचार घ्यावे लागले, अशा घटना वर्षाला सरासरी आठ होतात. फ्लोरिडात राहणाऱ्या माणसाला असा गंभीर चावा बसण्याची शक्यता ३१ लाखांत एक आहे. हे आकडे दिलासा देणारे आहेत. पण दोन घटना इथे सगळ्यांना माहीत आहेत, तुम्हालाही माहीत असायला हव्यात. जून २०१६ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या एका हॉटेलसमोरच्या कृत्रिम तलावात, रात्रीच्या वेळी, काठाच्या अगदी उथळ पाण्यात असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला गेटरने ओढून नेलं. तिथे पोहू नका अशी पाटी होती, गेटरचा उल्लेख नव्हता. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फोर्ट पिअर्समधल्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत ८५ वर्षांच्या बाई तळ्याकाठी कुत्र्याला फिरवत होत्या. गेटर आला तो कुत्र्यासाठी, जीव गेला बाईंचा. दोन्ही वेळा भर जंगल नव्हतं. पाण्याचा काठ होता, आणि लहान मूल किंवा लहान कुत्रा होता.

२. घर घेण्याआधी, भाड्याने घेतानासुद्धा

पत्ता मिळाला की आधी उपग्रह नकाशा उघडा आणि घराभोवतीचं सगळं पाणी बघा. फक्त मागचं तळं नाही, रस्त्यापलीकडची झाडीही बघा. गर्द हिरवा, सपाट, घरं नसलेला पट्टा दिसला तर ती बहुतेक वेटलँड असते आणि तिथे घरं नसण्याचं कारणही तेच असतं.

मग प्रत्यक्ष जाऊन संध्याकाळी काठ बघा. काठ उतरता असेल तर चिखलात पाण्याकडे गेलेली गुळगुळीत घसरण किंवा दबलेल्या गवताची पट्टी दिसते का ते बघा. गेटर रोज त्याच जागी वर येतो, त्यामुळे जागा ओळखू येते. अंधार पडल्यावर टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून पाण्यावर फिरवा. गेटर असेल तर दोन लाल ठिपके चमकतात, निखारा दिसावा इतके लाल. पिल्लांचे डोळेही चमकतात, पण ते जवळजवळ असतात. हे मी प्रत्येक नव्या कुटुंबाला एकदा करायला सांगते, कारण दिवसा रिकामं वाटणारं तळं रात्री किती भरलेलं असतं हे सांगून पटत नाही.

एचओएकडे, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेकडे, हे प्रश्न विचारा, शक्यतो ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहील:

- तळ्याची मालकी एचओएची की सीडीडीची (वसाहतीचे रस्ते, तळी वगैरे सांभाळणारी स्थानिक सरकारी संस्था)? पुढे तक्रार करताना हेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.
- तळ्याच्या बाजूला कुंपण घालायला परवानगी आहे का, आणि किती उंच? बऱ्याच वसाहतींत व्ह्यू अडू नये म्हणून मागे फक्त ठेंगणं जाळीदार कुंपण चालतं.
- मागच्या दोन-तीन वर्षांत ट्रॅपर, म्हणजे गेटर पकडणारा माणूस, बोलावला होता का?
- मुलांचं खेळायचं मैदान तळ्यापासून किती लांब आहे?

लहान मुलं असतील आणि दोन घरांत निवड असेल तर मी बिनतळ्याचं घर घ्या म्हणेन. व्ह्यूसाठी जास्तीचे पैसे मोजून वर रोज मुलांवर नजर ठेवायची, हा सौदा मला पटत नाही. ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांनी खुशाल तळ्याकाठचं घर घ्यावं. सकाळी बगळे, करकोचे, कासवं दिसतात, त्याचं सुख मोठं आहे.

३. गेटर ओळखा, त्याचा अंदाज घ्या

सांगली, चिपळूणकडच्या लोकांना मगर नवी नाही. कृष्णेत आणि वाशिष्ठीत ती आहेच, २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत गेलेल्या मगरीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. गोव्यात कुंभारजुव्याच्या कालव्यात आहे. पण गेटर हा वेगळा प्राणी. आपल्या मगरीचं तोंड मिटलेलं असलं तरी खालचे दात बाहेर दिसतात. गेटरचा वरचा जबडा रुंद असतो, त्यामुळे तोंड मिटलं की खालचे दात झाकले जातात. रंग जवळजवळ काळा. दक्षिण फ्लोरिडात किनाऱ्यालगत अमेरिकन क्रोकोडाइलही आहे, तो करड्या-हिरवट रंगाचा आणि निमुळत्या तोंडाचा असतो. पण टँपा-ऑरलँडोच्या तळ्यात जे दिसेल ते गेटरच धरून चाला.

पाण्यात पूर्ण शरीर क्वचितच दिसतं, फक्त डोळे आणि नाकपुड्या वर असतात. लांबीचा अंदाज त्यावरूनच घ्यायचा: डोळ्यांपासून नाकपुडीपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी. आठ इंच अंतर दिसलं तर आठ फुटी. हा अंदाज फोनवर सांगताना उपयोगी पडतो. चार फुटांखालचा गेटर माणसाला स्वतःहून धोका देण्याइतका मोठा नसतो, पण हातात धरला तर चावतो. मादी सहसा दहा फुटांपुढे जात नाही, नर जातो.

काठावर उन्हात जबडा उघडा टाकून निपचित पडलेला दिसला तर घाबरू नका. तो शरीराचं तापमान सांभाळतोय. माणूस दिसताच पाण्यात सरकला तर उत्तम, त्याला माणसाची भीती आहे. माणूस दिसताच तुमच्या दिशेने पोहत आला तर ते वाईट लक्षण आहे. कुणीतरी त्याला खायला घातलंय.

४. काठाचे नियम घरातल्या सगळ्यांना लावा

गेटर दबा धरून शिकार करतो. पाठलाग करत बसत नाही, पाण्यातून एकदम झेप घेतो. त्यामुळे सगळा प्रश्न पाण्याच्या काठापासूनच्या अंतराचा आहे. दिसणाऱ्या गेटरपासून निदान ६० फूट लांब राहायचं. न दिसणाऱ्या गेटरपासून लांब राहायचं तर काठाशी थांबायचंच नाही.

मुलांसाठी घराचा नियम एकच ठेवा: पाण्यात गेलेला बॉल गेला. आमच्याकडे संध्याकाळी टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं आणि मैदानाची एक बाजू तळ्याला लागून आहे. जास्तीचे बॉल बादलीभर आणून ठेवले की वाद मिटतो. सहा वर्षांच्या मुलाला "जपून जा" म्हणून उपयोग नसतो, त्याला "जायचंच नाही" हेच कळतं. काठाशी वाकून बसणं, हात बुडवणं, काठीने पाणी ढवळणं, सगळं बंद.

कुत्रा असेल तर तो कायम लीशवर, आणि लीश आखूड. लांबवर सुटणारी लीश तळ्याकाठी नको. लहान कुत्रा गेटरच्या नेहमीच्या भक्ष्याच्या आकाराचा असतो. त्याला तळ्याचं पाणी पिऊ देऊ नका, पोहू देऊ नका. फिरायला नेताना तुम्ही पाण्याच्या बाजूला आणि कुत्रा आतल्या बाजूला असंही करू नका. दोघांनी रस्त्याच्या बाजूने चला.

आणि आईबाबा. आपली माणसं पहाटे पाचला उठून फिरायला निघतात, आणि वसाहतीतली सगळ्यात शांत वाट नेमकी तळ्याभोवतीची असते. गेटर सर्वांत जास्त हालचाल करतो ती तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. त्यांना उजाडल्यावर निघायला सांगा आणि फुटपाथवरचा रस्ता एकदा बरोबर चालून दाखवा. माझ्या सासऱ्यांना मी नकाशावर रेघ मारून दिली होती. त्यांनी ती शेजारच्या काकांनाही दिली, आता सगळी ज्येष्ठ मंडळी त्याच वाटेने जातात.

घरात स्विमिंग पूल असेल तर उडी मारण्याआधी लाईट लावून तळापर्यंत बघा. लनाईची, म्हणजे घरामागच्या जाळीबंद व्हरांड्याची, जाळी गेटरला अडवेलच असं नाही, तो ती फाडून आत येऊ शकतो. जाळीचं दार रात्री कडी लावून बंद करा, गॅरेजचं दार संध्याकाळनंतर उघडं ठेवू नका. तलावावर किंवा स्प्रिंग्सला गेलात तर पोहण्यासाठी आखलेल्या जागेतच उतरा, आणि दिवसाच.

५. खायला घालणं: इथेच सगळं बिघडतं

गेटरला माणसाची उपजत भीती असते. खायला मिळालं की ती जाते. मग माणूस दिसला की खाणं येणार असं तो समजतो, काठावर येतो, आणि पुढचा माणूस रिकाम्या हाताने आलेला एखादा मुलगा असू शकतो. म्हणून फ्लोरिडात गेटरला खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे.

"आम्ही कुठे गेटरला घालतो?" असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही असतं. आपण माशांना पोळीचे तुकडे घालतो. बदकांना भात घालतो. कासवांना काकडी घालतो. पण मासे, बदकं, कासवं एका जागी जमली की गेटरही तिथेच येतो, आणि त्या जागेवर रोज माणूस उभा असतो. मासे पकडून साफ केल्यावर डोकी-आतडी पाण्यात टाकणं हेही तेच. ती कचऱ्याच्या डब्यात गेली पाहिजेत.

घरच्या मोठ्यांना हे रागावून सांगू नका. माशांना खायला घालणं त्यांच्यासाठी पुण्याचं काम असतं, आणि परक्या देशात त्यांच्या दिवसात करण्यासारखं ते एकच असतं कधीकधी. अंगणात, तळ्यापासून लांब, पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं आणि तुळशीची कुंडी द्या. हात गुंततात.

आता गणपती. हे जरा सविस्तर लिहिते, कारण याबद्दल कुणी सांगत नाही. फ्लोरिडात मादी जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला पालापाचोळा आणि माती रचून काठावर घरटं करते, त्यात साधारण तीस ते पंचेचाळीस अंडी घालते. साठ-पासष्ट दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, पिल्लं बाहेर येतात. मादी जवळच असते आणि पिल्लांसाठी अंगावर येते. आपला गणपती बहुतेक वर्षी याच काळात किंवा लगेच नंतर असतो. विसर्जन ऑफिस सुटल्यावर, तिन्हीसांजेला. लोक काठाशी वाकतात, लहान मुलं पुढे असतात, मूर्तीबरोबर नैवेद्याचा मोदक, दहीपोहे, नारळ पाण्यात जातो. इतके धोके एका वेळी एका जागी वर्षातून दुसऱ्या कुठल्याच दिवशी येत नाहीत. शिवाय तळं एचओएचं किंवा सीडीडीचं असतं, त्यात काहीही टाकायला परवानगी नसते.

तेव्हा शाडूची मूर्ती आणा आणि बॅकयार्डात किंवा लनाईत मोठ्या बादलीत विसर्जन करा. मूर्ती विरघळली की ते पाणी झाडांना घाला. मूर्ती लहान असेल तर एका रात्रीत विरघळते, मोठी असेल तर दोन-तीन दिवस लागतात, मधूनमधून पाणी ढवळावं लागतं. निर्माल्य मातीत पुरा. आमच्या भागातल्या काही घरांनी मिळून एकाच अंगणात मोठा टब ठेवायला सुरुवात केली, आरतीला आता पूर्वीपेक्षा जास्त माणसं जमतात. श्राद्धाचा नैवेद्य, अस्थी, दिवाळीचे तरंगते दिवे, यांनाही हाच नियम.

पिल्लांबद्दल एक वेगळी ताकीद. आठ-नऊ इंचांची, काळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेली ती खरंच गोंडस दिसतात आणि चिवचिव आवाज करतात. तो आवाज आईला बोलावण्याचा असतो. पिल्लू उचलणं, घरी आणणं बेकायदा आहे.

६. महिन्यांचा हिशेब

हवा गार असताना गेटर थंड पडतो. तापमान साधारण ७० फॅरनहाइटच्या खाली गेलं की खाणं थांबवतो, ५५ च्या खाली निपचित होतो. ८२ ते ९२ मध्ये सर्वांत जोमात असतो. म्हणजे डिसेंबरमध्ये आलेल्या कुटुंबाला वाटतं इथे काही नाहीच, आणि एप्रिलमध्ये एकदम धक्का बसतो.

एप्रिल ते जून हा जोडीदार शोधण्याचा काळ. याच महिन्यांत नर जागा बदलतात आणि ड्राइव्हवेवर, गाडीखाली, दारासमोर सापडतात. सकाळी गाडी काढण्याआधी एकदा खाली नजर टाका. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे महिने. पुराचं पाणी वसाहतीत शिरलं की गेटरही त्याबरोबर शिरतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यातून चालत जाऊ नका. तेव्हा विजेच्या तारांचाही धोका असतोच.

७. अचानक समोर आला तर

थांबा. त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरा. मूल उचलून घ्या, कुत्र्याला जवळ ओढा. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका, त्याला पाण्याकडे जायची वाट मोकळी हवी. जोरात फुत्कार ऐकू आला तर तुम्ही फार जवळ आहात, आणखी मागे व्हा.

तो धावून आला तर सरळ रेषेत, पाण्यापासून उलट दिशेला पळा. नागमोडी पळा असं अनेक जण सांगतात, ते चूक आहे. नागमोडी पळण्यात वेळ जातो आणि तुम्ही जवळच राहता. जमिनीवर तो थोडंच अंतर धावतो.

दगड मारणं, काठीने डिवचणं, फोटोसाठी जवळ जाणं, शेपटीला हात लावणं, यातलं काहीही नको. गेटरला त्रास देणं, बाळगणं किंवा परवान्याशिवाय मारणं बेकायदा आहे, आणि मारणं तर इथे गंभीर गुन्ह्यात, फेलनीत मोडतं. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डच्या रांगेत असाल तर इमिग्रेशनच्या फॉर्मवर अटकेबद्दल विचारतात, हे लक्षात असू द्या.

८. फोन कधी, कुणाला, कसा करायचा

गेटर तळ्यात आहे, पोहतोय, पलीकडच्या काठावर ऊन खातोय: फोन नको. तो त्याच्या घरी आहे.

फोन कधी करायचा? चार फूट किंवा जास्त लांबीचा गेटर असेल आणि माणसांना, पाळीव प्राण्यांना किंवा मालमत्तेला त्याचा धोका वाटत असेल तर. म्हणजे माणसांकडे पोहत येतोय, मैदानावर येऊन बसतोय, पूलमध्ये, गॅरेजमध्ये, दारात आहे. फ्लोरिडाच्या वन्यजीव खात्याची, म्हणजे फिश अँड वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन कमिशनची, यासाठी वेगळी हॉटलाइन आहे: ८६६-३९२-४२८६. हा नंबर आत्ताच फोनमध्ये ठेवा, आईबाबांच्या फोनमध्येसुद्धा. कुणावर हल्ला होतोय किंवा गेटर घरातच शिरलाय अशी वेळ असेल तर थेट ९११.

हॉटलाइनला फोन करण्याआधी हाताशी ठेवा:

- पूर्ण पत्ता, आणि गेटर नेमका कुठे आहे (मैदानामागचं तळं, उत्तरेचा काठ, असं)
- अंदाजे लांबी
- तो काय करतोय, केव्हापासून
- कुणी खायला घालताना दिसलंय का
- लांबून, झूम करून काढलेला फोटो
- वसाहतीच्या गेटचा कोड
- तळ्याच्या मालकाचं, म्हणजे एचओएच्या किंवा सीडीडीच्या मॅनेजरचं नाव आणि नंबर

शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि तिथेच काम अडतं. खातं जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय गेटर काढत नाही. तो तुमच्या स्वतःच्या अंगणात असेल तर परवानगी तुम्ही देऊ शकता, पण सामाईक तळ्यात असेल तर ती एचओए किंवा सीडीडीलाच द्यावी लागते. म्हणून हॉटलाइनबरोबर मॅनेजरलाही त्याच वेळी ईमेल करा, फोटो जोडा, तारीख आणि वेळ लिहा. नुसतं वसाहतीच्या ग्रुपवर टाकून काहीच होत नाही. शंभर जण बघतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने कळवलं असेल.

परवानगी मिळाली की खातं कंत्राटी ट्रॅपरला पाठवतं. तुम्हाला पैसे द्यावे लागत नाहीत. ट्रॅपरचं काम मी एकदा फुटपाथवरून बघितलं. जाडजूड गळ, त्याला तीन टोकांचा मोठा आकडा. त्याने तो गेटरच्या पाठीपलीकडे फेकला, सावकाश ओढत आणून कातडीत अडकवला, आणि मग बराच वेळ नुसता दम काढू दिला. काठाशी आल्यावर लांब दांड्याचा फास मानेत घातला, जबडा दाबून धरला आणि त्यावर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे वेढे मारले. साधी टेप. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडण्याचे स्नायू दुबळे, म्हणून टेप पुरते. गेटर आठ फुटांच्या आसपास होता. एका लहान मुलीने विचारलं, आता याला कुठे सोडणार? त्याने खरं ते सांगितलं: सोडत नाहीत.

हे तुम्हालाही माहीत असायला हवं. पकडलेला मोठा गेटर बहुतेक वेळा मारला जातो. लांब नेऊन सोडला तर तो परत यायला बघतो, आणि चांगल्या जागी आधीच दुसरे गेटर असतात. ट्रॅपरचा मोबदला मुख्यतः त्याच्या कातड्यातून आणि मांसातून येतो. म्हणून नुसतं दिसला म्हणून हॉटलाइनला फोन करू नका, आणि खरोखर धोका असेल तर करायला कचरू नका. आमच्या तळ्यातला तो गेटर माणसं दिसली की काठावर यायचा, कारण कुणीतरी त्याला रोज पाव टाकत होतं. पाव टाकणाऱ्याने आपण त्याला जगवतोय असंच मानलं असणार.

९. चावलाच तर

प्रतिकार करा, निपचित पडू नका. डोळ्यांवर, नाकाच्या शेंड्यावर जोरात, पुन्हा पुन्हा मारा. भरपूर आरडाओरडा करा. सुटका झाली की लगेच पाण्यापासून लांब. चावा लहान दिसला, अगदी पिल्लाचा असला, तरी डॉक्टरकडे जायचंच. गेटरच्या तोंडातल्या जंतूंमुळे जखम चिघळू शकते. जखम स्वच्छ पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर कापडाने घट्ट दाबून धरा आणि ९११ ला फोन करा. विम्याचं कार्ड शोधत बसू नका, ते नंतर बघता येतं.

१०. फ्लोरिडाबाहेर असाल तर

लुइझियाना, टेक्सासचा पूर्व आणि किनाऱ्याकडचा भाग, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि नॉर्थ कॅरोलायनाचा किनारी भाग, इथेही गेटर आहेत. ह्यूस्टनच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत बरीच मराठी कुटुंबं आहेत, आणि जवळचं ब्रेझॉस बेंड स्टेट पार्क गेटर बघायला जाण्याची ठरलेली जागा आहे. तिथे पायवाटेवरच गेटर पडलेला असतो, तेव्हा अंतराचा नियम आधी मुलांना सांगून मगच गाडीतून उतरवा. प्रत्येक राज्याचं खातं, हॉटलाइन आणि कायदा वेगळा आहे. टेक्सासमध्ये ते काम टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ बघतं. नवीन घरी सामान लागायच्या आठवड्यातच तिथल्या खात्याचा नंबर शोधून फ्रिजवर लावा, त्याखाली एचओए मॅनेजरचा नंबर आणि गेटचा कोड लिहा.